‘सिग्नॅलिस’च्या सहा खणांवरचा राग कुठे चुकतो

सर्व्हायव्हल हॉररचा, म्हणजे तुटपुंज्या साधनांवर जीव वाचवायच्या भीतीदायक व्हिडिओ गेमांचा विषय निघाला आणि कुणी ‘सिग्नॅलिस’ या गेमचं नाव घेतलं, की थोड्याच वेळात एक ठरलेलं मत पुढे येतं. शब्द बदलतात, आशय तोच. एका वेळी फक्त सहा वस्तू जवळ ठेवता येतात, ही खोटी अडचण आहे; आठ-दहा तासांचा गेम ताणण्यासाठी खेळाडूला सेव्ह रूमचे (खेळ जतन करायच्या आणि सामान ठेवायच्या सुरक्षित खोल्यांचे) हेलपाटे घालायला लावलेत. मारलेले शत्रू पुन्हा उठतात, म्हणजे गोळ्या पाण्यात. बाकी सगळी ‘रेसिडेंट ईव्हिल’ या जुन्या हॉरर गेम-मालिकेची नक्कल, गोष्ट मुद्दाम कळू न देणारी, आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरचे भरभरून रिव्ह्यू म्हणजे निव्वळ नॉस्टॅल्जिया.

हे इतक्या वेळा शेअर झालंय की ज्यांनी गेम उघडूनही पाहिलेला नाही, तेही आता ठासून सांगतात. मला हा गेम मनापासून आवडतो, आणि या मतामुळे नवे खेळाडू त्याच्या वाटेलाच जात नाहीत याचं वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय. गोष्टीतली मोठी रहस्यं फोडणार नाही.

आधी थोडी ओळख. ‘सिग्नॅलिस’ ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. बनवला जर्मनीतल्या रोझ-इंजिन या स्टुडिओनं, म्हणजे मुख्यतः युरी स्टर्न आणि बार्बरा विटमन या दोघांनी. नायिका एल्स्टर ही ‘रेप्लिका’ आहे, माणसाच्या मनाच्या ठशावरून घडवलेली कृत्रिम व्यक्ती. तिनं कुणाला तरी एक वचन दिलंय आणि ते पाळण्यासाठी ती लेंग नावाच्या बर्फाळ ग्रहावरच्या सिएर्पिन्स्की एस-२३ या खाण वसाहतीत उतरते. तिथल्या बाकीच्या रेप्लिका कसल्याशा रोगानं सडून हिंस्र झाल्या आहेत.

आता सहा खणांचं. आरोप करणारे या मर्यादेकडे सामान वाहण्याची गैरसोय म्हणून पाहतात. खेळताना प्रत्यक्षात काय होतं ते बघा. तुमच्याजवळ पिस्तूल आहे, त्याच्या गोळ्या आहेत, जखम भरणारा एक रिपेअर स्प्रे, एक किल्ली आणि अंधाऱ्या खोल्यांसाठी टॉर्च. पाच खण भरले. एका खोलीत दोन वस्तू पडल्या आहेत: कोड्यासाठी लागणारा एक तुकडा आणि शॉटगनची काडतुसं. तुकडा उचलला तर काडतुसं राहतात. काडतुसं घेतली तर तुकड्यासाठी पुन्हा यावं लागणार, आणि बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये दोन शत्रू तुम्ही टाळून आलेले आहात. स्प्रे आत्ताच वापरून टाकला तर एक खण मोकळा होतो, पण जखम तेवढी मोठी नाही, म्हणजे स्प्रे अर्धा वाया. या क्षणी पडद्यावर कुणीही किंचाळत नाही, संगीत चढत नाही, तरी हात आखडतो. भीती आहे ती या हिशोबात. वीस खण दिले तर तुम्ही दोन्ही वस्तू उचलाल आणि पुढे जाल. ती खोली तुमच्या लक्षातही राहणार नाही.

या मर्यादेमुळे आणखी एक गोष्ट होते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सेव्ह रूममधून बाहेर पडताना तुम्ही योजना आखता. नकाशा उघडता, कुठला दरवाजा बंद होता, कुठल्या वाटेवर कोण उभं आहे हे आठवता आणि त्यानुसार सामान निवडता. एस-२३ चे मजले तुम्हाला पाठ होतात ते याच फेऱ्यांमुळे. ओळखीची झालेली वाट नंतर बदललेली सापडते तेव्हा जो धक्का बसतो, तो त्या पाठांतराशिवाय बसलाच नसता.

‘गेम ताणण्यासाठी केलंय’ हा आरोप तर गेमची रचना पाहिली की टिकत नाही. सेव्ह कितीही वेळा करता येतं. त्यासाठी कुठलीही वस्तू खर्ची पडत नाही. एका सेव्ह रूमच्या पेटीत ठेवलेलं सामान दुसऱ्या सेव्ह रूमच्या पेटीत मिळतं. नकाशावर बंद दरवाजांची नोंद होत राहते. ज्यांना वेळ खायचा होता त्यांनी या तिन्ही सोयी दिल्याच नसत्या. १९९६ च्या पहिल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये सेव्हसाठी शाईच्या रिबिनी जमवाव्या लागत. २००२ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल झीरो’नं तर पेट्याच काढून टाकल्या, सामान जमिनीवर टाकायचं आणि कुठे टाकलं ते लक्षात ठेवायचं. या परंपरेत ‘सिग्नॅलिस’ चांगलाच उदार ठरतो.

शिवाय हे सहा खण गोष्टीच्या बाहेरून चिकटवलेले नाहीत. एस-२३ मध्ये वाचायला मिळणाऱ्या कागदांत ‘सहाचा नियम’ येतो: जवळ सहापेक्षा जास्त वस्तू ठेवायच्या नाहीत. एल्स्टर ज्या राष्ट्राची आहे तिथं माणसं आणि रेप्लिका यांच्या आयुष्यातली प्रत्येक बाब वरून ठरवलेली असते, मग खिशात काय असावं हेही ठरवलेलंच असणार. तो कागद वाचल्यावर पेटीसमोर उभं राहून ‘काय ठेवू, काय नेऊ’ करताना वेगळं वाटतं. तोपर्यंत जी मर्यादा गेम डिझायनरनं घातलेली वाटत होती, ती त्या राज्याची निघते. एकाच नियमातून कोडं, भीती आणि राजकारण उभं करणं मोठमोठ्या स्टुडिओंनाही सहसा जमत नाही.

या तक्रारीत खरं काय आहे तेही सांगायला हवं, कारण काही खरं आहेच. टॉर्चनं एक कायमचा खण अडवणं मलाही पटत नाही. शस्त्र न्यायचं की औषध, या निवडीत ताण आहे. उजेड हवा की नको, यात फारशी निवडच नाही. आणि ‘नोव्हेअर’ या भागात, जिथे गेम नकाशा काढून घेतो आणि कोड्यांच्या वस्तूंचा ढीग लागतो, तिथे खण पुरत नाहीत तेव्हा भीतीपेक्षा कंटाळा वरचढ होतो. तिथल्या काही फेऱ्यांमध्ये वाटेत धोका उरलेला नसतो, फक्त चालणं उरतं. ही तक्रार रास्त होती, आणि ती निर्मात्यांनी ऐकली: नंतरच्या अपडेटमध्ये सेटिंगमधून खणांची मर्यादा सैल करण्याचा पर्याय आला. मूळ सहा खण ज्यांना हवेत त्यांच्यासाठी ते तसेच आहेत. तरीही जुनं मत जसंच्या तसं फिरत राहतं, जणू पर्याय आलाच नाही.

पुढचा मुद्दा, शत्रू पुन्हा उठण्याचा. पाडलेली रेप्लिका काही वेळानं परत उभी राहू शकते, हे खरं. थर्माइटच्या फ्लेअरनं, म्हणजे प्रखर जळणाऱ्या कांडीनं जाळली तरच ती कायमची संपते, आणि फ्लेअर मोजकेच मिळतात. ‘मग गोळी झाडायचीच कशाला?’ असं विचारतात. नेमका हाच प्रश्न गेमला तुमच्या डोक्यात पेरायचा आहे. जो कॉरिडॉर दहा वेळा ओलांडायचा आहे तिथला देह जाळावा. एकदाच जायचं आहे तिथे पाडून पुढे व्हावं, किंवा धक्काही न लावता बाजूनं निघून जावं. हे ठरवायला आपण कुठून कुठे जाणार आहोत हे आधी कळलेलं असावं लागतं, आणि बहुतेकदा ते कळलेलं नसतं. चुकीच्या ठिकाणी फ्लेअर खर्च झाल्याची जाणीव अर्ध्या तासानं होते.

गोळ्या वाया जातात हे तर अनुभवाशीही जुळत नाही. नेम धरून थोडं थांबलं की मार जास्त बसतो. घाईनं झाडणाऱ्यालाच तुटवडा पडतो. शांतपणे खेळणाऱ्यांच्या पेटीत शेवटाकडे काडतुसं उरतात, आणि त्यांची तक्रार उलटी असते की उत्तरार्धात गेम पुरेसा कंजूष राहत नाही. मला ती तक्रार जास्त पटते. ज्यांना मारामारी नकोच आहे त्यांच्यासाठी सोपी पातळी आहेच.

नक्कल असल्याच्या आरोपावर फार वेळ घालवत नाही. देह जाळण्याची कल्पना २००२ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’च्या नव्या आवृत्तीत होती, आणि तिथेही न जाळलेला देह आणखी भयंकर होऊन उठत असे. पहिल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मधल्या दोन नायकांपैकी ख्रिसला सहा खण होते, जिलला आठ. ऋण उघड आहे आणि ते कुणी लपवलेलंही नाही. पण रेडिओ घ्या. एल्स्टरच्या अंगातच रेडिओ आहे; तुम्ही हातानं फ्रीक्वेन्सी फिरवत बसता, खरखरीतून जर्मन आकडे वाचणारा आवाज येतो आणि त्या आकड्यांनी पुढचं कुलूप उघडतं. अधूनमधून कॅमेरा अचानक एल्स्टरच्या डोळ्यांत शिरतो आणि गेम थोडा वेळ वेगळाच होतो. हे त्या जुन्या गेममधून उचललेलं नाही. आणि नक्कल म्हणणारेच जेव्हा ‘यातली गोष्ट फार विचित्र आहे’ अशी तक्रार करतात, तेव्हा दोन्ही आरोप एकत्र नांदत नाहीत. ‘रेसिडेंट ईव्हिल’ची गोष्ट कुणालाही न समजणारी नव्हती.

त्या गोष्टीकडे येऊ. ‘कळू न देणारी’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळ जण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. काय घडलं याचा सांगाडा गेममध्ये आहे, कागदांत विखुरलेला. ‘पेनरोझ’ मोहिमेत राहण्याजोगा ग्रह शोधायला जहाजं पाठवली गेली, प्रत्येकावर एक माणूस आणि एक रेप्लिका, फक्त दोघंच. रेप्लिकेचं मन कुणा माणसाच्या मनावरून छापलेलं असतं, त्यामुळे त्या माणसाच्या आठवणी तिच्यात डोकावू शकतात, आणि त्या जास्तच डोकावू लागल्या की तिचं व्यक्तित्व ढासळतं. रेप्लिकांना स्थिर कसं ठेवावं याच्या सूचना एस-२३ च्या फायलींत अगदी कोरड्या कार्यालयीन भाषेत लिहिलेल्या आहेत. एवढं हाती असेल तर एल्स्टरला दिसणाऱ्या प्रतिमा कुणाच्या, एकच चेहरा दोन नावांनी का येतो, याचा माग लागतो. न सुटणारा भाग वेगळा: यातलं किती प्रत्यक्ष घडतंय आणि किती कुणाच्या तरी मरणाऱ्या मनात. ते निर्मात्यांनी उघडं ठेवलंय. ज्याला असं उघडं ठेवलेलं आवडत नाही त्याच्या आवडीबद्दल माझं काही म्हणणं नाही. मात्र ‘अर्थच नाही’ म्हणण्याआधी त्या फायली वाचलेल्या असाव्यात.

इथेच सहा खण आणि गोष्ट पुन्हा एकत्र येतात. शेवट एकापेक्षा जास्त आहेत आणि नेहमीचे शेवट संवादातला पर्याय निवडून मिळत नाहीत. तुम्ही कसे खेळलात, किती वेळ घेतला, किती मारलं, स्वतःला किती जपलं अशा गोष्टींवर ते ठरतात. पहिल्यांदा खेळताना हे कुणी सांगत नाही. पेटीसमोरची ती घालमेल, वाटेतल्या शत्रूला टाळणं की पाडणं, हे सगळं एल्स्टर कोण आहे याचं उत्तर होत जातं. त्याला ‘वेळकाढू भरणा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

राहिले रिव्ह्यू. स्टीमवर ‘सिग्नॅलिस’ सर्वोच्च श्रेणीत आहे, म्हणजे ९५ टक्क्यांहून जास्त रिव्ह्यू सकारात्मक. आरोप करणाऱ्यांचं एक म्हणणं मान्य: मुळात ज्याला असले गेम आवडतात तोच ते विकत घेतो, त्यामुळे टक्केवारी फुगते. स्टीमवर ‘शिफारस करता की नाही’ एवढंच विचारतात. त्यातून गेम किती उत्तम हे मोजलं जात नाही. पण नॉस्टॅल्जियानं आंधळे झालेले लोक दोष दाखवत नाहीत. हे सकारात्मक रिव्ह्यू उघडून वाचा. सहा खणांबद्दलची सर्वात नेमकी तक्रार तिथेच सापडते, शिफारस करणाऱ्यांच्याच शब्दांत: टॉर्चला वेगळी जागा द्या, नोव्हेअरमध्ये जीव जातो. १९९६ मध्ये जन्मलेलेही नव्हते असे कितीतरी जण हा गेम मनापासून खेळले आहेत. त्यांना कशाची आठवण येणार? दोघांनीच बनवला म्हणून लोक सूट देतात, असंही म्हटलं जातं. दोघांनी बनवलेले शेकडो हॉरर गेम दरवर्षी येतात आणि कुणाच्या लक्षातही न येता जातात. तिथे ही सूट कुठे असते?

खेळायचा विचार असेल आणि या मतामुळे अडखळला असाल, तर माझं सांगणं असं: एस-२३ चा पहिला मोठा भाग मूळ सहा खणांवरच खेळा, कारण तिथे सेव्ह रूम जवळ आहेत आणि ताण बरोबर बसलाय. नोव्हेअरमध्ये त्रास व्हायला लागला तर सेटिंगमध्ये जाऊन खण वाढवा आणि त्याबद्दल अजिबात वाईट वाटून घेऊ नका. मधेच श्रेयनामावली झळकली आणि गेम मेन्यूवर परत गेला, तर तिथून पुन्हा आत शिरा. बरेच जण गेम संपला समजून तिथेच थांबतात आणि अर्ध्या गेमवर मत बनवतात.