काकांच्या दाढेचं हाड गेलं कुठे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाऊ, आधी उशिराबद्दल सॉरी. तुमची कमेंट शनिवारीच वाचली होती, पण रागात टाइप केलेल्याला रागात उत्तर द्यायला नको म्हणून चार दिवस जाऊ दिले, आणि खरं सांगायचं तर त्यातला एक मुद्दा मला चांगलाच लागला म्हणूनही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी दातांचा डॉक्टर, इम्प्लांटआधी जबड्यात हाड भरण्यावर मी एक लेख लिहिला होता, त्यावर भाऊंचं म्हणणं असं की ही हाडाची पावडर म्हणजे डॉक्टरांनी काढलेलं नवं फॅड आहे, त्यांच्या आबांनी ऐंशी पार करून कळण्याची भाकरी खाल्ली, कुणी हाड भरलं नव्हतं. त्यांच्या काकांची खालची दाढ तीन वर्षांपूर्वी काढली तेव्हा कोणी काही बोललं नाही आणि आता इम्प्लांटला (हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवायचा दात) गेले तर म्हणे हाड रुंदीला साडेचार मिलिमीटरच उरलंय, आधी ग्राफ्ट करा, म्हणजे तिथे हाड भरा. आणि वर, "ते हाड गायीचं असतं हे तुम्ही लेखात का लपवलं?"

आबांपासून सुरू करतो. आबांचा शेवटचा एखादा फोटो काढून बघा, हनुवटी नाकाकडे आलेली आणि गाल आत गेलेले दिसतील. तो नुसता वयाचा परिणाम नाही, दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत गेलं त्याचा आहे. आबांना ग्राफ्ट लागला नाही कारण त्यांना तिथे काही रोवायचंच नव्हतं, भाकरी वरणात कुस्करून हिरड्यांवर भागत होतं. उद्या काकाही म्हणाले की मला इम्प्लांट नको, तर त्यांनाही लागणार नाही, हे मी लिहून देतो.

आता हाड जातं कुठे? दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा घट्ट नसतो, बारीक तंतूंनी टांगलेला असतो, आणि चावताना जो ताण पडतो त्यावर आजूबाजूचं हाड जगतं. दात काढला की ते तंतू गेले, ताण गेला, आणि शरीर बिनकामाचं हाड ठेवत नाही. त्यात गालाकडची भिंत मुळातच पातळ, पुढच्या दातांना तर बऱ्याचदा एक मिलिमीटरही नसते, ती सगळ्यात आधी विरघळते. 2003 साली दाढा काढलेल्या पेशंटचं मोजमाप छापून आलं, त्यात वर्षभरात रुंदी साधारण निम्मी झाली होती आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच. म्हणजे काकांचं हाड तीन वर्षांत हळूहळू गेलं असं नाही, बरंचसं पहिल्याच वर्षात गेलं. काकांना सांगा, त्या जागेवर बाहेरून बोट फिरवा, शेजारच्या दाढेपाशी फुगवटा लागेल आणि मध्ये बोट आत जाईल.

इम्प्लांटचा स्क्रू साधारण चार मिलिमीटर जाड, दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिलिमीटर तरी हाड हवं, म्हणजे झाले सात. साडेचारच्या बांधावर खांब रोवला तर बांध फुटणार, एवढं तर आपल्याकडे कोणीही सांगेल.

फॅडचं म्हणाल तर स्वीडनच्या ब्रेनमार्क नावाच्या डॉक्टरने पहिल्या पेशंटला टायटॅनियमचा इम्प्लांट बसवला 1965 मध्ये, आणि वरच्या दाढेवर सायनसखाली (गालामागची हवेची पोकळी) हाड भरायची पद्धत बॉइन आणि जेम्स या दोन डॉक्टरांनी 1980 मध्ये छापली. आपल्याकडे पोचायला वेळ लागला एवढंच.

ग्राफ्ट म्हटलं की लोकांना आंब्याचं कलम आठवतं आणि मग पावडरीतून हाड उगवतं असं वाटतं. तसं नाही. अर्ध्या ग्रॅमची छोटी बाटली असते, आत पांढरे खडबडीत दाणे, स्टीलच्या वाटीत पेशंटचंच थोडं रक्त घालून कालवलं की ओल्या रव्यासारखं होतं, ते चमच्याने जागेवर दाबून बसवायचं, वर पातळ पडदा, मग टाके. ते दाणे म्हणजे कारल्याचा मांडव समजा. वेल पेशंटच्याच हाडाचा, तो त्यावर चढतो, आणि त्याला चार ते सहा महिने लागतात, घाई केली की मांडवासकट खाली.

आता गायीचं. हो, असतं. जगात सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रकारांत गायीच्या हाडाचा नंबर वरचा आहे, त्यातलं सगळं सेंद्रिय काढून फक्त खनिज ठेवलेलं असतं, आणि तो वरचा पडदासुद्धा बऱ्याचदा डुकराच्या किंवा गायीच्या कोलॅजनचा (कातडी-हाडातलं एक प्रथिन). मी लेखात "बायोमटेरियल" लिहून मोकळा झालो, ते चुकलंच. ज्यांना चालत नाही त्यांना पर्याय आहेत. कृत्रिम दाणे मिळतात, अक्कलदाढेच्या मागून पेशंटचंच हाड घेता येतं (जखमा दोन होतात मग), आणि मानवी दात्यांचं निर्जंतुक केलेलं हाडही मिळतं, मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक 1988 पासून आहे. बाटलीवर लिहिलेलं असतं, उघडायच्या आधी दाखवा म्हणायचं, कोणता डॉक्टर नाही म्हणेल?

आणि जिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे ते. दात काढताना कोणी बोलत नाही. मी पण नव्हतो बोलत. पेशंट यायचा, "डाक्टर, मना दात हालस, काढी टाका", मी काढायचो, कापूस दाबायला सांगायचो, गोळ्या द्यायचो, नेक्स्ट. पुढे इम्प्लांटचा विचार आहे का एवढं एक वाक्य विचारलं असतं तर त्याच दिवशी खड्ड्यात दाणे भरून झीज कमी करता आली असती. कमी, पूर्ण थांबत नाही, तेही सांगून टाकतो. उलट टोकाला हल्ली दिसेल त्या खड्ड्यात पावडर भरायची सवय लागलेलेही आहेत, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) किंवा कवळीच करायची असेल तर बहुतेक वेळा त्याची गरज नसते. माझ्या आईची वरची दाढ गेली, सायनस खाली उतरलेला, शुगर कधी हातात नाही, मी तिला ग्राफ्टच्या भानगडीत घातलंच नाही. ब्रिज केला, मजेत वरणबट्टी खाते.

काकांचं बघू. स्कॅनची सीडी घेऊन पाठवा, नुसता छापलेला कागद नको, त्यात रुंदी नीट मोजता येत नाही. सोबत शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट. आणि तुम्ही कमेंटमध्ये जाता जाता बिडीचं लिहिलंय, ती सुटलीय का ते आधी कळवा, ती चालू असेल तर ग्राफ्टला मीच नाही म्हणेन.