कअब बिन मालिक यांची गोष्ट अर्धी सांगू नका

‘नेक सोबतीचे पाच नियम’ नावाचा एक मेसेज सध्या हातोहात फिरतोय. हिरवी चौकट, वर बिस्मिल्लाह, खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. आमच्या घरच्या ग्रुपवरही तो येऊन गेला आणि मी नेहमीसारखा गप्प बसलो. मग बहिणीकडून कळलं की भाच्याने तो वाचून शाळेपासूनच्या दोस्ताचा नंबर ब्लॉक केलाय. दोस्ताचा गुन्हा काय, तर तो नमाज पढत नाही. भाच्याला विचारलं तर म्हणाला, “मामू, हदीस आहे.” बरं, हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, आहे ना, मग ती पूर्ण वाचू.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, माणूस मित्राच्या दीनवर (धर्मावर) असतो, म्हणून बेनमाज्याचा, म्हणजे नमाज न पढणाऱ्याचा, मित्रही बेनमाजीच समजावा. दोन, बेनमाजी आणि दारू पिणाऱ्याशी सलाम-कलाम बंद करा, कारण पैगंबरांनी (स.) आपले साथीदार कअब बिन मालिक यांच्यावर बहिष्कार टाकला होता. तीन, गैरमुस्लिमाशी मैत्री हराम. चार, नेक माणसाशिवाय कुणाला जेवू घालू नका. पाच, हा मेसेज दहा जणांना पाठवा, दहा नेक दोस्त मिळतील.

पाचव्याला उत्तर देत बसत नाही.

पहिल्यातलं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. ‘माणूस आपल्या जिवलग मित्राच्या दीनवर असतो, म्हणून कुणाशी मैत्री करतो ते पाहावं’ ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. कस्तुरीवाला आणि लोहाराचा भाता फुंकणारा ही बुखारी या संग्रहातली हदीसही खरी: एकाजवळ बसलात तर निदान सुगंध तरी मिळेल, दुसऱ्याजवळ कपडे जळतील नाहीतर धुराचा वास लागेल. सोबतीचा परिणाम होतो, हे कोण नाकारतंय? पण या हदीसा मला माझ्याबद्दल सावध करतात. दुसऱ्याच्या दीनचा निकाल लावायचा अधिकार मला देत नाहीत. ‘पाहावं’ असं सांगितलंय. मेसेजवाल्याने त्याचं ‘तोडावं’ केलं आणि वर मित्रालाही बेनमाजी ठरवून मोकळा झाला.

आता दुसरा नियम. खरा राग याचाच आहे.

कअब बिन मालिक यांची हकीकत सहीह बुखारीत त्यांच्याच तोंडून आली आहे, हदीस ४४१८. हिजरी ९ मधली तबूकची मोहीम. फळं पिकलेली, सावली हवीहवीशी, आणि कअब रोज म्हणत राहिले, उद्या तयारी करू. लष्कर निघून गेलं, हे मागेच राहिले. पैगंबर परतले तेव्हा मागे राहिलेले ऐंशीच्या वर लोक आले, शपथा घेऊन सबबी सांगू लागले. पैगंबरांनी त्यांचं वरवरचं म्हणणं मान्य केलं, त्यांच्या मनातलं अल्लाहवर सोपवलं. कअब यांनी मात्र सरळ सांगितलं, मला कसलीही अडचण नव्हती. बहिष्कार पडला तो या खरं बोलणाऱ्यावर आणि त्यांच्यासारख्याच आणखी दोघांवर, मुरारा बिन रबीअ आणि हिलाल बिन उमैया. खोट्या सबबी सांगणाऱ्यांशी लोक बोलत राहिले. ‘वाईट माणसाशी बोलू नका’ याचा पुरावा म्हणून ही गोष्ट देणाऱ्याने ती वाचलेली तरी आहे का?

आणि कअब बेनमाजी होते? त्या दिवसांतही ते मशिदीत जात होते. पैगंबरांच्या जवळच नमाजला उभे राहत आणि चोरून त्यांच्याकडे बघत. ते सांगतात, मी नमाजमध्ये गुंतलो की ते माझ्याकडे बघत, आणि मी त्यांच्याकडे वळलो की नजर फिरवत. चुलतभाऊ अबू कतादा यांच्या बागेची भिंत चढून गेले, सलाम केला, जवाब आला नाही. त्यात गस्सानच्या राजाचं पत्र आलं, तुमच्या माणसाने तुम्हाला दूर लोटलंय, आमच्याकडे या. कअब यांनी ते पत्र भट्टीत टाकलं.

हा बहिष्कार पैगंबरांच्या हुकुमाने होता, एका मोहिमेतल्या कसुरीसाठी होता, आणि पन्नास रात्रींनी संपला. संपवला तोही वहीने, म्हणजे अल्लाहकडून आलेल्या संदेशाने; कुरआनातल्या सूरा (अध्याय) तौबाची ११८वी आयत त्याचीच. आज हुकूम कुणाचा? चौकटीतल्या मजकुराचा? आणि तौबा (पश्चात्ताप) कबूल झाल्याची आयत भाच्याच्या मोबाइलवर येणार आहे का?

मेसेजमध्ये गाळलेला भाग तर यापुढचा आहे. खुशखबर आली तेव्हा कअब यांनी ती आणणाऱ्याला अंगावरचे कपडे काढून दिले आणि स्वतः उसने कपडे घालून मशिदीत गेले. तिथे तल्हा बिन उबैदुल्लाह उठले, धावत आले, हात हातात घेऊन मुबारकबाद दिली. मुहाजिरांपैकी, म्हणजे मक्केहून आलेल्यांपैकी, दुसरं कुणी उठलं नाही. कअब म्हणत, तल्हाची ही गोष्ट मी कधी विसरणार नाही. दोस्ती शिकायची तर या हदीसमध्ये ती तल्हांकडून शिकण्यासारखी आहे. त्यांचं नाव मेसेजमध्ये कुठेच नाही.

दारू पिणाऱ्याचं म्हणाल, तर बुखारीतच हदीस ६७८० बघा. अब्दुल्लाह नावाचे एक गृहस्थ होते, लोक त्यांना ‘हिमार’, म्हणजे गाढव म्हणत. ते पैगंबरांना हसवत असत. दारूपायी त्यांना शिक्षाही झाली होती. पुन्हा एकदा पकडून आणलं, पुन्हा फटके बसले, तेव्हा एक जण वैतागून म्हणाला, “अल्लाहची लानत याच्यावर, कितीदा आणतात याला!” पैगंबर म्हणाले, त्याला शिव्याशाप देऊ नका, तो अल्लाह आणि रसूलवर प्रेम करतो. शिक्षा झाली, हे मी लपवत नाही. पण त्याला ‘आमचा नाही’ म्हणू दिलं नाही.

संबंध तोडायला आलिमांनी (धर्मपंडितांनी) मुळीच जागा ठेवलेली नाही, असंही नाही. पण इब्न तैमिया (निधन १३२८), ज्यांना कुणी मवाळ म्हणणार नाही, तेही म्हणतात की तोडण्याने फायदा होणार असेल तरच तोडा, नाहीतर जवळ करून सुधारा. आणि आपापसातल्या रुसव्याफुगव्याला तर हदीसने तीन रात्रींचीच मुदत दिली आहे. त्यानंतर आधी सलाम करेल तो चांगला.

तिसरा नियम सूरा माइदाच्या ५१व्या आयतीवर उभा केलाय: यहुदी आणि ईसाईंना आपले पाठीराखे करू नका. ती आयत मदिनेतल्या गटातटांच्या आणि लढायांच्या काळातली आहे. पण तेवढ्या संदर्भावर विसंबू नका. त्याच सूरेची ५वी आयत उघडा. तिथे किताबवाल्यांचं, म्हणजे यहुदी-ईसाईंचं, अन्न हलाल आहे आणि त्यांच्या शीलवंत स्त्रियांशी निकाहही. म्हणजे बायको चालेल, सासू-सासरे चालतील, मित्र तेवढा चालणार नाही? शिवाय सूरा मुम्तहिना, आयत ८: जे दीनवरून तुमच्याशी लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घरातून हाकललं नाही, त्यांच्याशी भलाईने आणि इन्साफाने वागायला अल्लाह मना करत नाही. अबू बक्र यांची मुलगी अस्मा हिची आई मुश्रिक, म्हणजे अनेक देव मानणारी, होती. ती भेटायला आली तेव्हा अस्मांनी पैगंबरांना विचारलं, नातं ठेवू का? उत्तर मिळालं, हो, आईशी नातं ठेव. आणि खुद्द हिजरतीचा, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जातानाचा, वाटाड्या, अब्दुल्लाह बिन उरैकित, मुसलमान नव्हता. मक्केचे कुरैश मागावर असताना पैगंबर आणि अबू बक्र यांनी आपल्या उंटिणी त्याच्या हवाली केल्या आणि तीन रात्रींनी सौर गुहेपाशी यायला सांगितलं. तो आला. जिवावरचा भरवसा टाकता येतो, त्याच्याशी दोस्ती मात्र हराम, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

चौथ्याची हदीस अबू दाऊदमध्ये आहे, पण तिचे भाष्यकार खत्ताबी सांगतात की ती दावतीच्या, घरोब्याच्या जेवणाबद्दल आहे, भुकेल्याच्या जेवणाबद्दल नाही. कुरआनने कैद्याला जेवू घालणाऱ्यांची तारीफ केली आहे (सूरा ७६, आयत ८), आणि त्या काळचे कैदी बहुतेक गैरमुस्लिमच असत हे उघड आहे.

एक आयत मात्र मेसेजवाल्याने घ्यायला हवी होती, सूरा अनआम, ६८. आयतींची टिंगल चाललेली दिसली तर तिथून दूर व्हा, पण कुठवर? ‘ते दुसऱ्या विषयाकडे वळेपर्यंत.’ म्हणजे टिंगल करणाऱ्यालाही विषय बदलायची सवलत आहे. भाच्याच्या दोस्ताने तर टिंगलही केली नव्हती. त्याची नमाज चुकते, एवढंच.

भाच्याला ४४१८ पाठवली आहे. लांब आहे, एका बैठकीत वाच म्हणालो. आणि वाचायच्या आधी तो नंबर अनब्लॉक कर.