अवसेच्या रात्रीचा धंदा

देशात यादवी पेटली की भाबडी माणसं बंदूक उचलतात. तुम्ही ती चूक करू नका. जहाज घ्या.

मुहूर्त १९ एप्रिल १८६१, देश अमेरिका. राष्ट्राध्यक्ष लिंकनसाहेबांनी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली आहे. ती चुकवून माल नेणं, हा आपला धंदा. किनारा साडेतीन हजार मैल आणि सुरुवातीला लिंकनसाहेबांच्या आरमाराकडे जहाजं शंभराच्याही आत. अख्ख्या शिवाराला दोन राखणदार म्हणा ना! तेव्हा घाबरू नका, पेढे वाटा. बंदर उघडं असताना तुम्ही नुसते व्यापारी होता. ते बंद झालं की देशभक्त होता, आणि देशभक्ताच्या मालाला भाव चढा असतो.

जहाज स्कॉटलंडात क्लाइड नदीकाठी बांधून घ्या. लांबट, बुटकं, राखाडी रंगाचं, धुराडं मिटवून खाली घेता येईल असं. कोळसा अँथ्रासाइट, म्हणजे धूर नाही. इंग्लंडचा माल मोठ्या जहाजानं नसाऊ किंवा बर्म्युडा या अमेरिकेजवळच्या ब्रिटिश बेटांवर उतरवा, तिथून पुढे अवसेच्या रात्री निघा. दक्षिणेच्या विल्मिंग्टन बंदराच्या तोंडाशी त्यांच्याच फोर्ट फिशर किल्ल्याच्या तोफा आहेत, त्यांच्या आडोशाला पोचलात की गंगेत घोडं न्हालं. दिवे झाका, विड्या विझवा. जेवणासाठी कोंबड्या खुशाल न्या, पण कोंबडा नको. पहाऱ्यावरच्या जहाजाशेजारी आरवला तर पंचाईत. (कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे खरं. पण तांबडं फुटेपर्यंत तुम्ही धक्क्याला लागलेले असता.)

आता काय भरायचं? रणांगणात जखमी कण्हताहेत, सैनिकांच्या पायात जोडे नाहीत, हे सगळं ऐकून मन हेलावू देऊ नका. हेलावलेल्या मनाला नफ्याची टक्केवारी काढता येत नाही. ब्रिटिश आरमारातले होबार्ट-हॅम्पडेन ‘कॅप्टन रॉबर्ट्स’ या नावानं हाच धंदा करत. दक्षिणेत कशाची टंचाई आहे, असं त्यांनी एका बाईंना विचारलं. उत्तर आलं: कॉर्सेट, म्हणजे बायकांची कंबर आवळायची चोळी! गृहस्थांनी हजारभर नेले आणि विकले. टूथब्रशही खपले, पोटाच्या गोळ्यांना मात्र गिऱ्हाईक मिळेना. पुढे हे तुर्की आरमाराचे पाशा झाले, म्हणजे धंद्यानं चारित्र्याला काही बाधा येत नाही.

फेब्रुवारी १८६४ मध्ये दक्षिणेच्या सरकारला जाग आली. चैनीच्या वस्तू आणायला बंदी, जहाजातली निम्मी जागा सरकारी मालाला. तुम्ही ताबडतोब निषेध नोंदवा: व्यापाराची गळचेपी! स्वातंत्र्यासाठीच तर लढाई चालू आहे. परतीच्या खेपेत भरायचा कापूस ज्यांनी वेचला, त्या गुलामांना या शब्दाचा अर्थ विचारायला जाऊ नका, उगाच वेळ जातो.

हिशेब सोपा आहे. दोन फेऱ्या पार पडल्या तर जहाजाची किंमत वसूल. कप्तानाला एका खेपेचे ५,००० डॉलर, वाटाड्याला ३,५००, तेही सोन्यात. फोर्ट फिशरवर तुमच्यासाठी तोफ डागणाऱ्या शिपायाला महिन्याला ११ डॉलर होते, कागदी. त्याची भक्ती निःस्वार्थ आहे, ती बिघडवू नका.

एकच पथ्य. सोनं अंगावर बाळगू नका. दक्षिणेच्या हेर रोझ ग्रीनहाऊ ऑक्टोबर १८६४ मध्ये युरोपातून परतताना ‘कॉन्डॉर’वर होत्या. जहाज वाळूत रुतलं, त्या होडीत बसल्या, होडी उलटली. अंगावरच्या सोन्यानं त्यांना तळाशी नेलं. शहाण्या माणसानं सोनं लिव्हरपूलच्या बँकेत ठेवावं.

आणि मुंबईत असाल तर जहाजसुद्धा नको. अमेरिकेचा कापूस अडला की आपला वऱ्हाडचा, खानदेशचा कापूस वाटेल त्या भावानं जातो. तेव्हा अवसेला समुद्राकडे तोंड करून प्रार्थना करा, की एकही गाठ निसटू नये, आणि लढाई काही लवकर संपू नये. दरम्यान समुद्र बुजवून जमीन करायला निघालेल्या बॅकबे कंपनीचे शेअर घ्या. समुद्रात भर अजून पडायची आहे, पण भाव वर गेला आहे! शेअरबाजारातले बडे दलाल प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावानं घड्याळाच्या मनोऱ्याला दोन लाख दिले, तशी एखादी देणगी तुम्हीही वेळेवर देऊन टाका. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे जनरल ली शरण जातील, लढाई संपेल, जुलैत शेअरचा कागद भेळ बांधायला उरेल. मनोऱ्यावर नाव तेवढं राहील.