राज्यघटनेपासून सुरक्षित अंतर कसे राखावे

ठाण्यात किंवा नवी मुंबईत सुखाने नांदायचे असेल, तर ज्या गोष्टींची माहिती करून घेणे कटाक्षाने टाळावे, त्यांत भारताच्या राज्यघटनेचा क्रमांक बराच वर लागतो. सुदैवाने आपल्या शाळांनी या कामाची पूर्वतयारी चोख करून ठेवलेली आहे. सहावीत स्थानिक शासन, सातवीत संविधान, आठवीत संसदीय शासनपद्धती, असे सगळे क्रमवार शिकवलेले असले तरी ते इतिहासाच्या पुस्तकाच्या मागल्या बाजूला बसवलेले असल्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री, गड-किल्ले सर करून झाल्यावर, डोळे मिटत असतानाच त्याची पाळी येते. एवढे होऊनही ज्यांच्या डोक्यात लोकसभा आणि राज्यसभा यांतला फरक अजून शिल्लक आहे, त्यांनी पुढील सूचना विशेष काळजीपूर्वक पाळाव्यात, कारण खरा धोका त्यांनाच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सातव्या अनुसूचीच्या वाटेला जाऊ नये. घटनाकारांनी १९५० साली अमलात आलेल्या घटनेत केंद्राकडे ९७, राज्याकडे ६६ आणि दोघांकडे सामाईक ४७ विषय अशी वाटणी करून ठेवली. रेल्वे, टपाल, परराष्ट्र व्यवहार आणि राष्ट्रीय महामार्ग दिल्लीकडे, पोलीस, सार्वजनिक आरोग्य आणि खुद्द महापालिका मुंबईच्या मंत्रालयाकडे, तर शिक्षण आधी राज्याकडे होते ते १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने सामाईक सूचीत गेले. ही माहिती एकदा डोक्यात शिरली, की घोडबंदर रस्त्यावर खोळंबलेला माणूस निमूटपणे हॉर्न वाजवायचे सोडून भलतेसलते विचार करू लागतो. हा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, मधले मेट्रोचे खांब एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाचे, बाजूचा सेवा रस्ता महापालिकेचा आणि शिट्टी वाजवणारा हवालदार राज्याच्या गृहखात्याचा, मग माझा खड्डा नेमका कोणाच्या हद्दीत आहे, असा प्रश्न त्याला पडतो. हा प्रश्न पडलेला माणूस घरी उशिरा पोहोचतो असे नाही, पण पोहोचल्यावर त्याला जेवण गोड लागत नाही.

त्यापेक्षा सर्वांना सर्व गोष्टींसाठी जबाबदार धरण्याची जुनी, सुटसुटीत पद्धत चालू ठेवावी. महापालिकेच्या निवडणुकीत शेजारच्या शत्रुराष्ट्राला धडा शिकवावा, आणि लोकसभेच्या निवडणुकीत गटाराच्या झाकणाचा हिशेब मागावा. ठाणे लोकसभा मतदारसंघ मिरा-भाईंदरपासून ऐरोली-बेलापूरपर्यंत पसरलेला असल्याने एकाच खासदाराला तीन महापालिकांच्या झाकणांविषयी जाब विचारता येतो, ही सोय फार थोड्यांच्या वाट्याला येते. आमदाराला मात्र गेल्या अधिवेशनात कोणत्या विधेयकावर आपण काय बोललात, असे चुकूनही विचारू नये. अर्थसंकल्पी अधिवेशन मुंबईत आणि हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते ते कायदे करण्यासाठी आणि सरकारला धारेवर धरण्यासाठी, हे लक्षात आणून दिल्यास लोकप्रतिनिधी अवघडतात. त्यांना मंडळाच्या गणपतीसाठी किती देणार, एवढे विचारावे. संबंध गोड राहतात.

या बाबतीत १९९३ या वर्षाचा जितका गौरव करावा तितका थोडा. त्या वर्षी १ जूनला ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि नगरपालिका-महापालिकांना प्रथमच घटनेत स्वतःचे स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीत नगरनियोजनापासून रस्ते-पूल, पाणीपुरवठा, पथदिवे, स्मशानभूमी आणि गुरांचे कोंडवाडे यांपर्यंत १८ कामे लिहिली गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात खासदारांसाठी स्थानिक विकास निधीची योजना सुरू झाली, जी आता वर्षाला ५ कोटी रुपयांची आहे. म्हणजे ज्या वर्षी समाजमंदिर आणि पायवाट ही नगरसेवकाची कामे असल्याचे घटनेने मान्य केले, त्याच वर्षी ती करण्यासाठी दिल्लीत कायदे करणाऱ्यांच्या हातीही पैसे देण्यात आले. या योगायोगाबद्दल कोणाला काही वाटल्याचे ऐकिवात नाही, आणि आपणही वाटून घेऊ नये.

त्याऐवजी आपण तळ्याकाठच्या बाकाकडे कौतुकाने पाहावे. बाकाच्या पाठीवर सौजन्य करणाऱ्याचे नाव ठसठशीत तांबड्या अक्षरांत असते, त्याखाली पद, त्याखाली निधीचे वर्ष, आणि सगळ्यात खाली, रंग उडून गेलेल्या जागी, महापालिकेचे बोधचिन्ह असते. बसायच्या तीन पट्ट्यांपैकी मधली एक तुटलेली असली तरी नावाची पाटी शाबूत असते. हा खर्च आपल्याच करातून झाला आहे, असा विचार मनात आलाच तर तो झटकून टाकावा आणि ‘साहेबांनी बाक दिला’ हेच वाक्य नातवंडांना शिकवावे, कारण देणाऱ्याचे उपकार मानण्याची सवय लहानपणीच लागलेली बरी.

नवी मुंबईकरांना या साधनेत ठाणेकरांपेक्षा थोडी आघाडी मिळालेली आहे हे मान्य करावे लागेल. नगरनियोजन हे बाराव्या अनुसूचीतले पहिलेच काम. पण नवी मुंबई घडवली ती १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी शहरविकास महामंडळाने, तुर्भे-महापेच्या कारखान्यांचा पट्टा एमआयडीसी या सरकारी औद्योगिक महामंडळाचा, आणि १ जानेवारी १९९२ पासून कारभार पाहणारी महापालिका या दोघींनंतर आली. पहिल्या दोन संस्थांसाठी आपण कधीही मतदान केलेले नाही आणि करणारही नाही, हे ध्यानात आणून घेऊ नये. घर विकताना सिडकोकडून हस्तांतरणाची परवानगी आणावी लागते, तेव्हा जमीन भाडेपट्ट्याची असल्याचे समजते. तेवढ्यापुरते समजून घ्यावे आणि मग विसरावे. ठाणेकरांनी पाण्याच्या बाबतीत असेच करावे. ठाण्याला पाणी महापालिकेच्या स्वतःच्या योजनेतून येते, स्टेम या पाणीपुरवठा प्राधिकरणाकडून येते, एमआयडीसीकडून येते आणि थोडे मुंबई महापालिकेकडूनही येते. नळ कोरडा पडला की यांतले कोणाचे बंद झाले याची चौकशी न करता थेट टँकरवाल्याला फोन लावावा. कोणत्याही सूचीत त्याचे नाव नाही, तरी तो येतो.

आता घटनेतील ज्या कलमापासून सर्वांत जास्त जपायला हवे त्याकडे वळतो. कलम २४३-यू असे सांगते, की महापालिकेची मुदत पाच वर्षांची असेल आणि ती संपण्यापूर्वीच पुढची निवडणूक पूर्ण झालेली असेल. वाक्य इतके सरळ आहे, की त्यात पळवाट शोधायला वकिलालाही कष्ट पडावेत. प्रत्यक्षात नवी मुंबईच्या २०१५ साली निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याच्या २०१७ च्या नगरसेवकांची मार्च २०२२ मध्ये, आणि दोन्हीकडे मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. आधी करोना होता, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद होता, मग प्रभाग किती आणि कसे हे सरकार बदलेल तसे बदलत होते, आणि अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असे बजवावे लागले, तेव्हाही पुढे मुदतवाढ मागून घेण्यात आली. या काळात शहराचा कारभार प्रशासकांनी पाहिला, आणि प्रशासक म्हणजे आयुक्तच. आयुक्त म्हणून प्रस्ताव तयार करावा आणि प्रशासक म्हणून तोच मंजूर करावा, सर्वसाधारण सभाही आपणच आणि स्थायी समितीही आपणच, अशी ती व्यवस्था होती. सभेत ना खुर्च्या फेकल्या गेल्या, ना राजदंड पळवला गेला. अर्थसंकल्प इतक्या शांततेत मंजूर होण्याचा आनंद लोकशाहीत एरवी कोठे मिळतो? या वर्षांत आपल्याला काही चुकल्यासारखे वाटले नसेल, तर आपली साधना पूर्ण झाली असे समजावे.

निवडणूक झाली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यात आलात, की बहुतेक प्रभागांतून चार. मतदान केंद्रात अ, ब, क आणि ड अशा चार जागांसाठी चार वेळा बटण दाबावे लागते, आणि शेवटचे दाबल्याखेरीज यंत्र लांब आवाज करीत नाही. पडद्याआडून निघालेल्या म्हातारीला अधिकारी पुन्हा आत पिटाळतात, ‘आजी, अजून दोन राहिली’ म्हणून. आजी म्हणतात, ‘मला ज्याला द्यायचं त्याला दिलंय, बाकीची तूच दे.’ या पद्धतीचा खरा लाभ मतदानानंतर कळतो. दिवा बंद पडला की अ म्हणतो ते ब बघतात, ब म्हणते ते क च्या भागात येते, आणि ड चा फोन लागत नाही. एका नगरसेवकाला जाब विचारता येतो, चौघांना मिळून फक्त शुभेच्छांचा फलक लावता येतो. शिवाय सगळ्या प्रभागांतल्या नगरसेवकांनी मिळून निवडलेला महापौर शहराचा प्रथम नागरिक असला, तरी कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडेच असतात, त्यामुळे महापौरांना भेटायला जाताना पुष्पगुच्छ न्यावा, तक्रारअर्ज नेऊ नये.

माहितीच्या अधिकाराचा मोह काहींना होतो. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. त्या दहा रुपयांत तलावपाळीला भेळ येत नसली, तरी मनःशांतीसाठी ते खिशातच ठेवावेत.

शेवटचा आणि सर्वांत घातक प्रकार म्हणजे मूलभूत हक्क. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असे म्हटले, की सुस्थितीतला सुरक्षित रस्ता हा कलम २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कोणी दगावला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, आणि ती दोषी कंत्राटदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करावी. हा आदेश ठाणे आणि नवी मुंबईलाही लागू आहे, म्हणून त्याविषयी बोलताना आवाज खाली ठेवावा. शेजारचा मुलगा माजिवड्याच्या पुलाखाली दुचाकीवरून पडून हात मोडून घेऊन आला, तर शहाळे घेऊन भेटायला जावे, ‘सावकाश चालवायला काय होतं?’ असे वडीलकीच्या नात्याने विचारावे, आणि खड्डा कोणाचा होता हा विषय त्याच्या आईसमोर काढू नये. तिने नागरिकशास्त्र शिकवलेले असू शकते.