टाटा 407 टेम्पोच्या मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांच्या) कामावरच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा. तुम्ही लिहिलंय की नुसते मागचे पाटे काढून कमान मारून (वाक परत देऊन) द्यायला सांगितलं होतं, दोन दिवस बोलून पाच दिवस लावले, बिल दुप्पट झालं आणि वरून गाडी आधीपेक्षा खाली बसली. पाच दिवस लागले हे खरंय. आणि खोलल्यावर आत काय निघालं ते त्याच संध्याकाळी फोन करून सांगायला पाहिजे होतं, ते आम्ही तिसऱ्या दिवशी सांगितलं, ही चूक आमचीच, माफ करा.

पण गाडी खाली का बसली ते सांगतो. तुम्ही ती सेकंड हँड घेतलीये, यातलं काहीच तुमचं केलेलं नाही. डावीकडे नऊ पाटे निघाले आणि उजवीकडे अकरा, त्यातले दोन कुठल्यातरी मोठ्या गाडीचे, जाड, गॅसने कापून बसवलेले. झालं असं असणार की वरून तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या, म्हणजे सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या, भोकापाशी मोडला, ती जागा पाटे अ‍ॅक्सलला आवळणाऱ्या यू बोल्टखाली असते त्यामुळे बाहेरून दिसत नाही, गाडी उजवीकडे झुकायला लागली आणि कुणीतरी मोडका पाटा शोधायच्या ऐवजी दोन जास्तीचे घातले. इथवर मला समजतं, भाड्याची खेप चुकवायची नसते. पण मागची शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसीच्या ब्रॅकेटला जोडणारी हलती कडी, ब्रॅकेटलाच वेल्डिंग करून टाकलेली, ती कशासाठी हे आमच्या वडिलांनाही सांगता आलं नाही, आणि त्यांची चाळीस वर्षं याच कामात गेलीत. अहो पाटा दबला की लांबतो, ती लांबी घ्यायलाच शॅकल हलती ठेवलेली असते, ती जाम केली की सगळा ताण मेन पाट्याच्या टोकाला जिथे बुश बसतो तिथे येतो, आणि तुमचा मेन पाटा तिथेच मोडून परत वेल्डिंग केलेला होता. पाट्याचं लोखंड पाणी दिलेलं (तापवून कडक केलेलं) असतं, वेल्डिंगच्या शेजारी ते ठिसूळ होतं, पुन्हा तिथेच मोडतं. सेंटर बोल्टही तुटलेला, म्हणून मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग एका बाजूने मागे सरकलं होतं, टेप लावला तर दोन बाजूंत 14 मिलीमीटरचा फरक. गाडी टायर खाते म्हणत होतात ना, ते यामुळेच.

रिकामी गाडी उंच दिसायची ती त्या जाड पाट्यांमुळे, ते लवतच नव्हते, खड्ड्याचा सगळा दणका चेसीला जायचा. आता दोन्ही बाजू सारख्या आहेत, मेन पाटे, शॅकल पिना, बुश, यू बोल्ट सगळं नवीन, बिल त्याचंच आहे.

"होतं तसंच बसवून द्यायचं होतं" असं तुम्ही लिहिलंय, ते मात्र मी केलं नसतं, तुम्ही दुसरीकडे गाडी नेली असती तरी चाललं असतं. कांदा भरून कसारा घाट उतरणारी गाडी आहे, त्यात तुम्ही आणि तुमचा पोरगा बसता.

जुने पाटे आणि ती वेल्डिंगची शॅकल गोणीत बांधून ठेवलीये, येऊन बघा. आणि बघायला नाही आलात तरी यू बोल्ट आवळायला नक्की या, नवीन पाटे लोड पडल्यावर एकमेकांवर बसतात आणि नट ढिले होतात, दोन-तीन खेपा झाल्या असतील तर या आठवड्यातच आणा, अर्ध्या तासाचं काम आहे, पैसे घेणार नाही.