यू०१०० आला म्हणून ईसीएम बदलू नका

सध्या मेकॅनिक मंडळींच्या मोबाइलवर एक सल्ला फिरतोय. गाडी सुरू होत नाही आणि स्कॅनरवर यू०१०० हा फॉल्ट कोड दिसतोय? मग ओबीडी कपलरच्या (स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबर पिनमध्ये ६० ओहम मिळाले, दोन्ही पिनांवर अडीच व्होल्ट आले, की वायरिंग ओके आणि ईसीएम (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) गेला. भंगारातून त्याच पार्ट नंबरचा आणा, कोड क्लिअर करा, गाडी द्या. या सल्ल्यापायी गिऱ्हाइकाचे हजारो रुपये बुडतात आणि फॉल्ट गाडीतच राहतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘यू०१०० म्हणजे ईसीएम गेला’

हा कोड कुणी नोंदवलाय ते आधी बघा. तो एबीएस (ब्रेकचं युनिट), गिअरबॉक्सचं युनिट किंवा डॅशबोर्डचा मीटर यांच्यात सापडतो आणि सांगतो इतकंच, की ईसीएमचे मेसेज पोचत नाहीत. इंजिन चालतंय तर ईसीएम जिवंत आहे, बहुधा कॅनची जोडी (युनिटं ज्यावरून आपसात बोलतात त्या हाय आणि लो अशा दोन वायरी, ओबीडीच्या ६ आणि १४ नंबर पिना याच) कुठेतरी तुटली आहे. इंजिनही चालत नसेल तर पहिला संशय सप्लाय आणि अर्थवर घ्या.

फक्त व्होल्ट मोजून भागत नाही. एकच तार शाबूत असलेली वायरसुद्धा मल्टिमीटरला १२ व्होल्ट दाखवते. ईसीएमचा कपलर काढा आणि कायम सप्लायची पिन व अर्थची पिन यांच्यात २१ वॅटचा बल्ब लावा. साधारण पावणेदोन अँपिअर ओढताना तो पूर्ण उजेड देतो का बघा. ही चाचणी सप्लाय आणि अर्थवरच करायची, सेन्सर किंवा सिग्नलच्या पिनला बल्ब लावायचा नाही. बऱ्याच गाड्यांत मेन रिले ईसीएमच ओढतो, त्यामुळे कपलर काढल्यावर रिलेची सप्लाय मिळाली नाही तर घाबरू नका. आणि मल्टिमीटरची जाड टोकं पिनमध्ये खुपसू नका. मादी पिन एकदा फाकली की तुम्हीच नवा फॉल्ट घातलात.

सेन्सरची ५ व्होल्टची लाइन अर्थला शॉर्ट झाली तरी काही गाड्यांत ईसीएम स्कॅनरला उत्तर देत नाही. इग्निशन ऑन ठेवून या लाइनवर मीटर लावा आणि सेन्सरचे कपलर एकेक काढा. ५ व्होल्ट परत आले, की चोर तिथेच सापडला.

‘६० ओहम आले म्हणजे वायरिंग ओके’

सगळ्यात जास्त फसवणारा मुद्दा हाच. कॅनच्या मुख्य लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, समांतर जोडल्यामुळे ते ६० दिसतात. १२० आले तर एक टोक सुटलंय, ४० च्या आसपास आले तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर जोडलाय, शून्याजवळ म्हणजे दोन्ही वायर एकमेकींना शॉर्ट. इथपर्यंत बरोबर. पण टोकाचा रेझिस्टर ईसीएमच्या आत नसून दुसरीकडे असेल आणि ईसीएमकडे जाणारी फांदी तुटली असेल, तरी रीडिंग ६०च येतं. एकच वायर बॉडीला शॉर्ट असेल तरीही ६०च. म्हणून ६ ते अर्थ आणि १४ ते अर्थ असंही मोजा, तिथे शून्याजवळ काही यायला नको. मग ईसीएमच्या कपलरपासून ओबीडीपर्यंत दोन्ही वायरी सलग आहेत का तपासा.

बऱ्याच नव्या गाड्यांत ओबीडीच्या मागे गेटवे (ओबीडी आणि गाडीच्या आतल्या कॅन लाइन यांच्यामधलं युनिट) असतो. तिथे मिळालेले ६० ओहम गेटवेपर्यंतच्या तुकड्याचे. इंजिनच्या कॅनबद्दल ते काहीच सांगत नाहीत. तिथे वायरिंग डायग्राम काढून गेटवेच्या पलीकडे मोजावं लागतं. आणि हे सगळं इग्निशन बंद करून, ५–१० मिनिटं थांबून, बॅटरीची निगेटिव्ह काढूनच. लाइनवर व्होल्टेज असताना ओहम खोटे येतात.

‘दोन्हीवर अडीच व्होल्ट म्हणजे कॅन चालू’

उलट आहे. अडीच हे शांत लाइनचं व्होल्टेज. बिट जाताना हाय (६ नंबर) साडेतीनकडे चढते, लो (१४ नंबर) दीडकडे उतरते. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून चालत्या लाइनवर हाय साधारण २.६ ते २.८, लो २.२ ते २.४, बेरीज पाचच्या आसपास. दोन्ही नेमके अडीच असतील तर कुणी बोलत नाहीये किंवा दोन्ही वायर चिकटल्यात. गेटवेच्या गाडीत मात्र स्कॅनरने विचारेपर्यंत ओबीडीवर शांतता असणं नॉर्मल आहे. खात्री ऑसिलोस्कोपनेच (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रानेच) होते. ५०० किलोबिटच्या लाइनवर एक बिट २ मायक्रोसेकंदांचा असतो, मल्टिमीटरला तो दिसणारच नाही.

‘भंगारातला ईसीएम चालतो, कोड क्लिअर केला की काम झालं’

चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरची जोडणी जुन्या गाडीशी असते. पार्ट नंबर जुळला तरी गाडी सुरू होईलच असं नाही. क्लिअर करण्याआधी कोड चालू आहे की जुना ते लिहून ठेवा. बॅटरी कमजोर असेल तर स्टार्टर मारताना व्होल्टेज पडतं, युनिट क्षणभर बंद पडतात आणि यू कोडची (संपर्क तुटल्याच्या कोडची) रांग लागते. तिथे इलाज बॅटरीचा, ईसीएमचा नाही.

पावसाळ्यात पायाखालच्या कार्पेटमध्ये पाणी साचतं, कपलरच्या पिना हिरव्या पडतात. बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात. अशी कॅनची जोडी सांधताना दोन्ही जोड एकाच जागी घेऊ नका, पुढेमागे ठेवा, चांगले क्रिम्प करून सील करा आणि जोडीचा मूळचा पीळ परत घाला. उघडा, सरळ भाग ५ सेंटिमीटरपेक्षा लांब सोडू नका. बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर या जोडीला टॅप केलेला असेल तर तपासणी सुरू करण्याआधी तो काढून बाजूला ठेवा.