शकुंतलेवर माझंही प्रेम आहे, पण

मी नुकत्याच वाचलेल्या एका लेखात लिहिलंय की इंग्रजांनी वऱ्हाडाला शिस्त दिली, शकुंतला रेल्वे दिली, आणि आपण ती सांभाळली नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ प्रवास मी लहानपणी आजीच्या मांडीवर बसून केलाय, त्यामुळे गाडी बंद पडल्याचं दुःख मलाही आहे. पण ही रेल्वे बांधणाऱ्या किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने ते रूळ आपल्या आज्यापणज्यांच्या सोयीसाठी टाकले नव्हते. आपला कापूस मुंबई बंदरावरून मँचेस्टरला जावा म्हणून टाकले होते. मुंबई-नागपूर रेल्वे तर 1867 मध्येच पूर्ण झाली होती, तरी 1899-1900च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेलीच.

आमचे आबा म्हणत, "इंग्रजाचं राज्य बरं होतं बापा." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आजच्या कर्जाचा, पडलेल्या भावाचा राग होता (तो मलाही आहे) आणि तो असा बाहेर पडायचा. मात्र इंग्रजांचे जंगल कायदे मोडणाऱ्या जंगल सत्याग्रहाचं नाव निघालं की तेच आबा गप्प होऊन बराच वेळ अंगणाकडे पाहत बसत.

लेखकाने 1930 चं पुसद (तिथला जंगल सत्याग्रह) आणि 1942 चं चिमूर-आष्टी ('चले जाव'मधला उठाव) यांवर दोन ओळी तरी लिहायला हव्या होत्या. त्या गावांतली म्हातारी माणसं आता फार उरली नाहीत.